मुलांच्या सेवांचा डायरेक्टर नेमताना कौन्सिल कुठे अडखळते

एका घरात दोन वर्षांचं मूल सुरक्षित नाही अशी शंका आहे. कोर्टात जायचं का? ऑटिझम असलेल्या मुलीला जवळची शाळा घ्यायला तयार नाही. तिला जागा कुठे मिळणार? फॉस्टर, म्हणजे दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या, कुटुंबाकडे राहणं अचानक तुटलेला सोळा वर्षांचा मुलगा आज रात्री झोपणार कुठे? इंग्लंडमध्ये हे तिन्ही प्रश्न फिरून फिरून एकाच खुर्चीपाशी येतात. त्या खुर्चीचं नाव डायरेक्टर ऑफ चिल्ड्रेन्स सर्व्हिसेस, रोजच्या बोलण्यात डीसीएस.

ही खुर्ची ठेवायची की नाही हे कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, मर्जीवर नाही. चिल्ड्रेन ॲक्ट २००४ च्या कलम १८ प्रमाणे मुलांच्या सेवा पाहणाऱ्या प्रत्येक कौन्सिलला डीसीएस नेमावाच लागतो. काउंटी, युनिटरी (एकाच थराच्या), लंडन बरो, मेट्रोपॉलिटन बरो, शिवाय सिटी ऑफ लंडन आणि सिली बेटं धरून अशा कौन्सिल २०२३ पासून १५३ आहेत. काउंटीच्या खालच्या थरातल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे हे काम नसतं. त्याच कायद्याचं कलम १९ सांगतं की निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी एकाला मुलांच्या सेवांचा लीड मेंबर करा. डीसीएस पगारी अधिकारी, लीड मेंबर राजकारणी. डीसीएसला पदावर असताना निवडणूक लढवता येत नाही, पक्षाचा प्रचारही करता येत नाही.

पदाचा जन्म एका मृत्यूतून झाला. आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिये फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये छळाने मेली. तिला अनेक कौन्सिलच्या सोशल वर्करनी, पोलिसांनी, हॉस्पिटलांनी पाहिलं होतं. पण सगळं चित्र कुणाच्याच हातात नव्हतं. लॉर्ड लेमिंग यांच्या जानेवारी २००३ च्या अहवालात १०८ शिफारशी होत्या. त्यानंतर सरकारने ठरवलं की शिक्षण खात्याचा एक प्रमुख आणि सोशल सर्व्हिसेसचा दुसरा, ही विभागणी बंद. मुलांसाठी कौन्सिलमध्ये उत्तर देणारी व्यक्ती एकच असेल.

इथेच नेमणुकीची पहिली अडचण दडलेली आहे. दोन खाती एक झाली, पण दोन्हींत मुरलेली माणसं तेवढ्याने तयार होत नाहीत. बाल संरक्षणात वीस वर्षं काढलेल्याला शाळांच्या जागांचं गणित आणि शाळांसाठीच्या सरकारी निधीचे नियम परके असतात. शिक्षणातून वर आलेल्याला केअर ऑर्डरच्या, म्हणजे मूल कौन्सिलच्या ताब्यात देणाऱ्या आदेशाच्या, कोर्टकामाचा अंदाज नसतो. कायद्याने कुठलीही ठरावीक पदवी सक्तीची केलेली नाही. डीसीएस नोंदणीकृत सोशल वर्करच असावा असाही नियम नाही. त्यामुळे कौन्सिलला आधी एक साधी गोष्ट ठरवावी लागते: आपल्याकडे दुसऱ्या फळीत कोण आहे? सोशल केअरचा असिस्टंट डायरेक्टर पक्का असेल तर शिक्षणाच्या पार्श्वभूमीचा डीसीएस चालतो. ती जागा रिकामी असेल किंवा एजन्सीच्या माणसाने तात्पुरती भरलेली असेल, तर तीच निवड जुगार ठरते. अनेक कौन्सिल हा हिशेब मांडतच नाहीत. त्या मागच्या डीसीएसच्या जाहिरातीवरची तारीख बदलतात आणि पुढे जातात.

लोक अर्ज का करत नाहीत

पगार कमी नसतो. लहान युनिटरी कौन्सिलमध्ये साधारण १ लाख ३० हजार पौंडांच्या आसपास सुरुवात होते, मोठ्या काउंटीत आकडा २ लाखांच्या जवळ जातो. तरीही अर्जांची थप्पी कधी लागत नाही. १५३ जागा, त्यात बऱ्याच जणांना घर हलवायचं नसतं, आणि खालच्या फळीतले अनेक चांगले लोक वरची जोखीम पाहून तिथेच थांबणं पसंत करतात.

जोखीम म्हणजे काय हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला एका उदाहरणावरून कळतं. ऑगस्ट २००७ मध्ये लंडनच्या हॅरिंगे बरोत पीटर कॉनेली हे बाळ घरातल्या छळाने दगावलं. डिसेंबर २००८ मध्ये तेव्हाचे मंत्री एड बॉल्स यांनी तिथल्या डीसीएस शॅरन शूस्मिथ यांना पदावरून हटवण्याचा आदेश दिला, आणि कौन्सिलने मग त्यांना बडतर्फ केलं. २०११ मध्ये अपील कोर्टाने ठरवलं की बाजू मांडायची रास्त संधी न देता केलेली ही कारवाई बेकायदा होती. निकाल त्यांच्या बाजूने लागला तरी मधली अडीच वर्षं कुणी परत देत नाही. बढतीचा विचार करणाऱ्या असिस्टंट डायरेक्टरच्या घरी जेवणाच्या टेबलावर हा विषय निघतोच.

दुसरी टांगती तलवार ऑफस्टेडची, म्हणजे शाळा आणि मुलांच्या सेवा तपासणाऱ्या सरकारी संस्थेची. २०१८ पासून चालू असलेल्या तपासणी पद्धतीत कौन्सिलला चारपैकी एक शेरा मिळतो: आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट किंवा इनॅडिक्वेट. शेवटचा शेरा आला की केंद्रीय शिक्षण खातं दारात उभं राहतं. देखरेखीला कमिशनर नेमतं, कधी सेवा कौन्सिलकडून काढून स्वतंत्र ट्रस्टकडे देतं. डॉनकॅस्टरमध्ये २०१४ साली, बर्मिंगहॅममध्ये २०१८ साली असे ट्रस्ट सुरू झाले. गमतीचा भाग असा, की ट्रस्ट झाला तरी कौन्सिलचं कलम १८ सुटत नाही. काम ट्रस्ट करतो आणि कायदेशीर उत्तर कौन्सिलचा डीसीएस देतो. अशा ठिकाणी अर्ज करणारा पहिला प्रश्न विचारतो तो हाच: ट्रस्टच्या चीफ एक्झिक्युटिव्हवर माझा हात नेमका किती चालतो?

जाहिरातीच्या आधीचे चार आठवडे

नेमणूक फसते ती बहुतेक वेळा इथे. मुलाखतीच्या दिवशी ती फक्त उघडी पडते. कौन्सिलला नेमका कोणता माणूस हवा आहे हे तिने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवलेलं नसतं.

इनॅडिक्वेट शेरा मिळालेल्या कौन्सिलला रोजच्या कामात हात घालणारा माणूस लागतो. फाइली स्वतः उघडून पाहणारा, फ्रंट डोअरवर, म्हणजे तक्रारी आणि शंका पहिल्यांदा येतात त्या टेबलाशी, जाऊन बसणारा. गुड शेरा असलेल्या, स्थिर कौन्सिलला असा माणूस आणला तर सहा महिन्यांत टीम मॅनेजर वैतागतात. तिथे पोलीस, आरोग्य यंत्रणा आणि शाळा यांना सोबत घेऊन चालणारा हवा असतो. तिसऱ्या प्रकारच्या कौन्सिलचा खरा आजार पैशाचा असतो: प्लेसमेंटचा, म्हणजे मुलांना घराबाहेर ठेवण्याचा, खर्च हाताबाहेर, विशेष गरजांच्या मुलांसाठीच्या निधीत साठलेला तोटा, वर सेक्शन ११४ नोटिशीची, म्हणजे खर्च भागत नाही अशी अधिकृत घोषणा करावी लागण्याची, धास्ती. अडचण ही की जवळपास प्रत्येक कौन्सिल जाहिरातीत हे तिन्ही गुण एकत्र मागते. असा माणूस नसतो, आणि त्यामुळे सगळ्यांशी गोड बोलणारा उमेदवार पुढे सरकतो.

या चार आठवड्यांत चीफ एक्झिक्युटिव्ह, लीड मेंबर आणि कौन्सिल लीडर यांनी एका खोलीत बसून तीन गोष्टी कागदावर आणाव्यात. पहिल्या वर्षात काय सुधारलंच पाहिजे, हे दोन-तीन ओळींत. किती पैसा आहे, आणि कोणती कपात आधीच मंजूर झाली आहे. आणि कोणत्या निर्णयात राजकारणी ढवळाढवळ करणार नाहीत. तिसऱ्यावर वाद झाला तर तो आत्ताच झालेला बरा. नवा डीसीएस आल्यावर चौथ्या महिन्यात मुलांचं एखादं होम बंद करायच्या प्रस्तावावरून तो होतो आणि तेव्हा महाग पडतो.

पदाची रचनाही याच वेळी ठरते. सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डीसीएसने थेट चीफ एक्झिक्युटिव्हला रिपोर्ट करायचं असतं. पैसे वाचवायला काही कौन्सिल मुलं आणि प्रौढ दोन्हींसाठी एकच डायरेक्टर ठेवतात. कायद्याने ते चालतं, पण आधी 'लोकल टेस्ट ऑफ ॲश्युरन्स' करावी लागते: एवढ्या ओझ्याखाली मुलांकडे पुरेसं लक्ष राहील का, याची लेखी तपासणी. दोन शेजारी कौन्सिलनी मिळून एकच डीसीएस ठेवायलाही मुभा आहे. कुठलीही जोडणी केली तरी अनुभवी उमेदवार ती तपासणी मागून घेतो आणि वाचतो. ती दीड पानाची निघाली तर त्याला उत्तर मिळालेलं असतं.

परवानग्या

इथे अनेकांचा गोंधळ होतो. चीफ एक्झिक्युटिव्हच्या नेमणुकीला पूर्ण कौन्सिलची संमती लागते. डीसीएसच्या नेमणुकीला तशी लागत नाही. नेमणूक बहुधा नगरसेवकांची समिती करते, आणि २००१ च्या स्टँडिंग ऑर्डर्स नियमांप्रमाणे त्या समितीत कॅबिनेटचा, म्हणजे कारभार चालवणाऱ्या नगरसेवकांच्या मंडळाचा, निदान एक सदस्य असावा लागतो. पण पगाराची वाट वेगळी आहे. लोकॅलिझम ॲक्ट २०११ च्या मार्गदर्शनानुसार १ लाख पौंड किंवा जास्त पगाराचा देकार देण्याआधी पूर्ण कौन्सिलला त्यावर मत द्यायची संधी मिळायला हवी. काही कौन्सिल वार्षिक पे पॉलिसी स्टेटमेंटमध्ये पगाराची पट्टी आधीच मंजूर करून ठेवतात, आणि तेच शहाणपणाचं. नाहीतर असं होतं: उमेदवार ठरला, तो जास्त मागतो, वरची रक्कम मंजूर पट्टीबाहेर जाते, आणि पुढची कौन्सिल सभा सात आठवड्यांनी. तोवर तो दुसरीकडे सही करून मोकळा.

आतल्या उमेदवारांपुरतीच निवड मर्यादित नसेल, तर १९९३ च्या नियमांनुसार कामाचं आणि पात्रतेचं लेखी वर्णन करून जाहिरात द्यावीच लागते. आणि लोकल गव्हर्नमेंट अँड हाउसिंग ॲक्ट १९८९ म्हणतो की नेमणूक गुणवत्तेवरच हवी. म्हणजे मुलाखतीत दिलेले गुण आणि त्यामागची टिपणं जपून ठेवायची. नाकारलेला उमेदवार भेदभावाचा दावा घेऊन ट्रायब्युनलमध्ये गेला, तर तिथे कामाला येतात ती हीच.

कॅलेंडर

मावळता डीसीएस राजीनामा देतो त्या दिवसाला शून्य आठवडा म्हणू. त्याची नोटीस बहुधा तीन महिन्यांची, म्हणजे तेराव्या आठवड्यात तो जाणार. आता नव्याचा हिशेब. तयारीला ४ आठवडे, जाहिरात ४, लाँगलिस्टला १ ते २, तांत्रिक मुलाखतींना २, शॉर्टलिस्ट आणि अंतिम पॅनेलला २ ते ३. झाले १३ ते १५. देकार, हरकतीची मुदत, कागदपत्रं यांना आणखी १ ते २. त्यानंतर निवडलेल्या व्यक्तीची स्वतःची तीन महिन्यांची नोटीस, म्हणजे १३. एकूण २७ ते ३० आठवडे. सगळं सुरळीत झालं तरी मध्ये १४ ते १७ आठवड्यांचं भगदाड पडतं. ते टळत नाही. ते आधी धरून चालावं लागतं.

यात दोन काळ टाळायचे. कौन्सिलच्या निवडणुका मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होतात. मार्चमध्ये जाहिरात काढली तर अंतिम मुलाखती बरोबर मे-जूनमध्ये येतात. शॉर्टलिस्ट करणारे नगरसेवक तेव्हा पडलेले असू शकतात, सत्ता बदललेली असू शकते, आणि लीड मेंबर कोण हे उमेदवारालाच काय, कौन्सिललाही ठाऊक नसतं. दुसरा काळ ऑगस्टचा. शाळांना सुट्टी, पॅनेलवरचे निम्मे लोक बाहेरगावी. सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहिरात काढली की नाताळाआधी निवड होते आणि माणूस मार्चच्या आसपास रुजू होतो. आम्हाला विचाराल तर वर्षातली सगळ्यात बरी खिडकी हीच.

हेडहंटर काय करतो, काय करत नाही

जवळपास सगळ्या कौन्सिल या पदासाठी सर्च फर्म घेतात. फी बहुधा हप्त्यांत असते: कामाला सुरुवात, शॉर्टलिस्ट, नेमणूक. करार वाचताना दोन ओळी शोधा. कुणीच निवडलं गेलं नाही तर दुसरी फेरी फुकट की पुन्हा पैसे? निवडलेली व्यक्ती सहा महिन्यांत गेली तर काय?

जाहिरात पाहून येणारे थोडे असतात. खरं काम फोनवर होतं. फर्म चाळीस-पन्नास जणांशी बोलते, त्यातले बहुतेक नाही म्हणतात, आणि ते नाही का म्हणतात हे कौन्सिलला मिळणारं सगळ्यात मोलाचं ज्ञान असतं. 'तुमच्याकडे पाच वर्षांत चार डीसीएस झाले', 'तुमचे फायनान्स डायरेक्टर मुलांच्या बजेटवर रागावून आहेत असं ऐकलंय', 'लीडर आणि लीड मेंबरचं जमत नाही'. ही यादी फर्मकडून दर आठवड्याला लेखी मागा. बऱ्याच कौन्सिल मागत नाहीत. त्यांना फक्त अर्जांचा आकडा हवा असतो.

तिकडे उमेदवारही कौन्सिल तपासत असतो. ऑफस्टेडचा शेवटचा अहवाल आणि त्याची तारीख, म्हणजे पुढची तपासणी कधी येणार याचा अंदाज. सोशल वर्करपैकी एजन्सीचे किती. ईएचसीपी, म्हणजे विशेष शैक्षणिक गरजांची योजना, कायद्याने ठरलेल्या २० आठवड्यांत किती मुलांना मिळते. शाळांच्या निधीतला साठलेला तोटा किती. यातलं बरंचसं उघडपणे सापडतं. त्यामुळे आकर्षक माहितीपत्रकात 'रोमांचक प्रवास' वगैरे लिहिण्याऐवजी खरे आकडे छापावेत. वाईट आकडे वाचून जो अर्ज करतो, तो कामाचा असण्याची शक्यता जास्त.

तांत्रिक मुलाखत

नगरसेवकांच्या पॅनेलला बाल संरक्षणाचे बारकावे ठाऊक असावेत अशी अपेक्षा नाही. म्हणून त्याआधी तांत्रिक फेरी असते, आणि ती घेणारा बहुधा निवृत्त किंवा दुसऱ्या कौन्सिलचा अनुभवी डीसीएस असतो. कौन्सिल गेल्या तपासणीत घसरलेली असेल तर ही फेरी कधीही गाळू नये.

चांगला सराव-प्रश्न साधारण असा असतो. उमेदवाराला एक पान देतात आणि वीस मिनिटं. समजा, पानावर लिहिलंय: एका सोशल वर्करमागे सरासरी १६ मुलं, ४५ कामकाजाच्या दिवसांत पूर्ण झालेली मूल्यांकनं ९६ टक्के, वर्षभरात पुन्हा आलेल्या तक्रारी २९ टक्के, चाइल्ड प्रोटेक्शन योजनेवरची, म्हणजे धोक्यात असल्याचं ठरलेली, मुलं गेल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाने कमी.

वरवर पाहिलं तर पान छान आहे. कच्चा उमेदवार ९६ टक्क्यांचं कौतुक करतो. तयार माणूस पहिल्यांदा सरासरीवर बोट ठेवतो: १६ ही सरासरी असेल तर नुकत्याच पात्र झालेल्यांकडे दहा असणार, मग कुणाकडे पंचवीस आहेत? नंतर तो ९६ आणि २९ शेजारी ठेवतो. मूल्यांकन वेळेत बंद होतंय आणि तीच मुलं परत येतायत, म्हणजे मुदत गाठायला फाइली घाईत बंद होत असाव्यात. आणि योजनेवरची मुलं एवढी कमी का झाली? धोका खरंच कमी झाला, की दारातला उंबरठा कुणी गुपचूप उंच केला? शेवटी तो विचारतो, 'मला या आठवड्यात बंद झालेल्या दहा फाइली दाखवाल का?' या प्रश्नाला वेगळे गुण नसतात, पण परीक्षकाचं पेन तिथे थांबतं.

दुसरा प्रश्न पैशाचा द्यावा. निवासी होममध्ये एका मुलाचा आठवड्याचा खर्च हजारो पौंडांत जातो, आणि अशी मोजकी मुलं सबंध बजेट हलवतात. 'खर्च कमी करू' हे उत्तर नव्हे. कोणत्या मुलांना फॉस्टर कुटुंबात आणता येईल, त्यासाठी कुटुंबं कुठून मिळवाल, पहिल्या वर्षी बचत शून्य का दाखवाल, असं बोलणारा माणूस फायनान्सच्या लोकांना थोडा निराश करतो. त्यालाच घ्यावं.

मुलांचं पॅनेल

केअरमध्ये राहिलेल्या मुलामुलींचं पॅनेल आता बहुतेक ठिकाणी असतं, पण ते नीट चालवणारे कमी. दहा मिनिटांची भेट, पिझ्झा आणि एक फोटो म्हणजे पॅनेल नव्हे. त्यांना किमान चाळीस मिनिटं द्या, प्रश्न त्यांचे त्यांना ठरवू द्या, आणि त्यांचे गुण अंतिम निर्णयात किती धरले जाणार ते आधीच सांगा. निर्णय नगरसेवकांचाच असतो हेही लपवू नका. मुलांना खोटं लगेच कळतं.

त्यांचे प्रश्न मोठ्यांपेक्षा धारदार असतात. 'आमचा सोशल वर्कर बदलतो तेव्हा आम्हाला कोण सांगतं?' या प्रश्नापुढे भल्याभल्या उमेदवारांचं धोरण गळून पडतं. जो 'आम्ही हस्तांतरणाची कार्यपद्धती सुधारू' म्हणतो, तो मुलांच्या नजरेतून तिथेच उतरतो.

अंतिम पॅनेल आणि देकार

समितीत पाच ते सात नगरसेवक, वेगवेगळ्या पक्षांचे. चीफ एक्झिक्युटिव्ह आणि तांत्रिक सल्लागार मदतीला बसतात. हस्तक्षेपाखालच्या कौन्सिलमध्ये कमिशनरचा सल्लाही येतो. जे शॉर्टलिस्टला होते तेच सगळे अंतिम दिवशी शेवटपर्यंत हजर असावेत. एखाद्या सदस्याने तीनपैकी दोनच मुलाखती ऐकल्या आणि मत दिलं, तर निवडीच्या पायाला तडा जातो.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी कायदेशीर चूक. संध्याकाळचे सहा वाजलेत, एकमत झालंय, अध्यक्ष बाहेर येऊन हात मिळवतात आणि म्हणतात, 'अभिनंदन, नोकरी तुमची!' हा देकार झाला, आणि तो द्यायची अजून मुभा नव्हती. लीडर आणि कॅबिनेट पद्धतीच्या कौन्सिलमध्ये आधी निवडलेल्याचं नाव प्रॉपर ऑफिसरला, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवायचं, त्याने कॅबिनेटच्या प्रत्येक सदस्याला कळवायचं, आणि ठरलेल्या मुदतीत लीडर हरकत घेतो का ते पाहायचं. हरकत आली तर ती ठोस आहे का हे समितीने ठरवायचं. मुदत बहुधा दोन-तीन दिवसांची असते. त्या संध्याकाळी म्हणायचं ते एवढंच: 'समितीचा तुमच्या बाजूने कल आहे, औपचारिक गोष्टी पूर्ण झाल्या की कळवू.' हे वाक्य अध्यक्षांच्या हातात छापून ठेवलेलं बरं.

संदर्भ तपासताना गुळगुळीत पत्रांवर विसंबू नका. मागच्या चीफ एक्झिक्युटिव्हशी आणि मागच्या लीड मेंबरशी फोनवर बोला. नोंदणीकृत सोशल वर्कर असेल तर सोशल वर्क इंग्लंडची नोंदवही कुणालाही ऑनलाइन पाहता येते. डीबीएस म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी होईलच. पण सर्वात उपयोगी तपासणी फुकट आहे: 'मी कौन्सिल इनॅडिक्वेटवरून गुडवर नेली' असं सीव्हीवर असेल, तर ऑफस्टेडच्या अहवालाची तारीख आणि त्यांची रुजू झाल्याची तारीख शेजारी ठेवा. रुजू झाल्यावर चार महिन्यांत गुड शेरा आला असेल तर श्रेय आधीच्याचं आहे. उलटही होतं, निघून गेल्यावर सहा महिन्यांत आलेलं यश बिचाऱ्याच्या सीव्हीवर नसतंच.

आतला उमेदवार हरला असेल तर त्याच संध्याकाळी चीफ एक्झिक्युटिव्हने स्वतः, समोर बसून सांगावं. तो वर्षभरात जाण्याची शक्यता मोठी, आणि त्याच्यासोबत दुसऱ्या फळीचा जो हिशेब आपण सुरुवातीला मांडला होता तोही कोलमडतो.

मधले महिने

कलम १८ मध्ये 'काही महिने कुणी नसलं तरी चालेल' अशी सवलत नाही. म्हणून मावळता डीसीएस गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पद कुणाच्या नावावर आहे याचा लेखी निर्णय हवा. 'सध्या सगळे मिळून बघतायत' म्हणजे कुणीच बघत नाही.

इंटरिम, म्हणजे तात्पुरता, डीसीएस बहुधा दिवसाच्या दराने एजन्सीमार्फत येतो, आणि २०१७ पासून त्याच्या कराचं वर्गीकरण (करासाठी तो नोकर की स्वतंत्र कंत्राटदार) ठरवायची जबाबदारी कौन्सिलवर आहे. चूक झाली तर कराचं बिल कौन्सिलकडे येतं. पैशाहून महत्त्वाचा प्रश्न: इंटरिमने कायमच्या पदासाठी अर्ज करायचा का? पहिल्याच दिवशी ठरवा आणि जाहीर करा. तो उभा राहू शकतो असं नुसतं बाजारात पसरलं तरी बाहेरचे लोक 'निकाल आधीच लागलाय' म्हणून मागे होतात. शिवाय इंटरिम असतानाच ऑफस्टेडचा फोन आला तर आठवड्याभरात पथक दारात असतं. त्यामुळे तो पुढचा माणूस येईपर्यंत खुर्ची राखणारा नसावा. निर्णय घेणारा असावा.

अंतिम पॅनेलनंतर कुणीच पटलं नाही तर नेमू नका. पुन्हा फेरी म्हणजे आणखी चार महिने, चिडलेले नगरसेवक, वाढलेलं इंटरिमचं बिल. चुकीचा डीसीएस मात्र पहिल्या वर्षातच दोन असिस्टंट डायरेक्टर आणि तीसेक सोशल वर्कर घालवू शकतो, आणि ते परत गोळा करायला त्याहून जास्त वेळ लागतो.

माणूस ठरल्यावर नोटीसच्या तेरा आठवड्यांत कौन्सिल सहसा गप्प बसते. तसं करू नये. त्याला महिन्यातून एक दिवस बोलवा, लीड मेंबरशी दोनदा भेट घडवा, मुख्याध्यापकांच्या बैठकीत ओळख करून द्या. आणि पहिल्या सकाळी, लॅपटॉप आणि ओळखपत्राच्या आधी, त्याच्या टेबलावर एक बंद पाकीट असू द्या. आत चार याद्या: कोर्टात चालू असलेले कौन्सिलविरुद्धचे खटले, गंभीर घटनेनंतर सुरू झालेले रॅपिड रिव्ह्यू आणि त्यांची १५ कामकाजाच्या दिवसांची मुदत कधी संपते ते, या आठवड्यात चाइल्ड प्रोटेक्शन योजनेवर असून सोशल वर्कर न नेमलेली मुलं, आणि नोंदणी नसलेल्या ठिकाणी आज रात्री झोपणार असलेली मुलं, प्रत्येकाचं वय, पत्ता आणि तिथे ठेवायला कुणी सही केली ते. चौथ्या यादीवर उद्यापासून सही त्याची असणार आहे.